सुताराची सही

तुरुंगातल्या वर्गात धाकट्या बहिणीने कागद बाईंच्या खडूच्या डब्यावर आपटला आणि तळाशी बोट ठेवलं.

"ही सही त्याला कुणी शिकवली?"

बाईंनी चष्मा सारखा केला. आधी आडवी रेघ, मग तिला टांगलेली अक्षरं. सुतारच तो, आधी सूत धरणार आणि मगच हात चालवणार.

"मीच. कसली झोकदार आलीये बघ!"

धाकटी हसली नाही. एरवी 'तुरुंगात ताई शिकवते आणि मी सोडवते' असं ती वकिलांच्या खोलीत मिरवून सांगायची.

"वर काय लिहिलंय ते वाच."

बाईंनी सुताराचं प्रतिज्ञापत्र वाचलं: मला लिहिता-वाचता येत नाही. मी अंगठाच लावतो. खुनाच्या कबुलीजबाबावरची सही माझी नाही.

सुताराचं अख्खं अपील एवढ्यावरच उभं होतं. मजकूर बाईंचा वर्ग सुरू होण्याआधीचा. धाकटीने तो तसाच टाइप करून तुरुंगात पाठवला. शाईचा पॅड पुढे आला तेव्हा सुताराने तो बाजूला सारला आणि ऐटीत पेन मागितलं. कारकुनाने कागद परस्पर कोर्टात धाडला. दोघी बहिणी रोज एका ताटलीतली भाजी वाढून घेत, आणि सुतार आता सही करतो, नेमकं हेच बोलायचं राहून गेलं.

"मी येते कोर्टात. सांगते, मीच शिकवलं म्हणून."

"सांगून पाहिलं गं. सरकारी वकील म्हणाला, कैद्यांची मास्तरीण त्यांचीच कड घेणार. न्यायाधीश हसले, ताई." तिने कागदाची घडी घातली. "अपील गेलं. वरच्या कोर्टात गेलो तरी हाच कागद पुढे येणार."

इतक्या वर्षांत बाईंना शिकवल्याचा पश्चात्ताप कधी झाला नव्हता.

धाकटी गेली. थोड्या वेळाने सुतार पाटी घेऊन आला आणि नेहमीच्या जागी मांडी घालून बसला.

"निकाल कळला, बाई. आपलं नशीबच फुटकं, दुसरं काय! वकीलताईंना म्हणावं, जिवाला लावून घेऊ नका."

बाईंना मान वर करवेना.

"एक विचारू? जजसाहेबांनी माझी सही बघितली असेल ना?"

"बघितली."

"नीट?"

"अगदी नीट बघितली."

सुताराचा चेहरा खुलला. त्याने बाहीने पाटी पुसली, पट्टी न धरता सरळ आडवी रेघ ओढली.

"मग आज लेकीचं नाव शिकवा," तो म्हणाला, आणि पहिल्या अक्षराची वाट बघू लागला.