मिस्त्रीचे दोन स्क्रू

रिसर्च पार्कमध्ये मिस्त्रीचे दोन स्क्रू हा चेष्टेचा विषय होता. नव्या कंपनीला खोली मिळाली की मिस्त्री तिची पितळी पाटी दाराशेजारी लावायचा, पण वरचे दोनच स्क्रू पिळायचा. खालची भोकं रिकामी. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "आधी वर्षभर तग धरा, मग बघू." वर्ष निघालं की स्वतःहून उगवायचा, उरलेले दोन स्क्रू लावायचा, आणि कंपनीची माणसं त्या दिवशी सगळ्या मजल्याला चहा पाजायची. पार्कच्या अहवालात पेटंटं, नोकऱ्या, शहराची भरभराट असं काय काय छापून यायचं. पण आपली कंपनी जगली हे पटायचं ते मिस्त्री दुसऱ्यांदा दारात आला की.

त्यात विक्षिप्तपणा काही नव्हता. निम्म्याहून जास्त पाट्या वर्षाच्या आतच उतरायच्या, आणि चार स्क्रू काढण्यापेक्षा दोन काढणं सोपं. उतरलेली पाटी टाकायची नाही, असा पार्कचा नियम होता. मागच्या कोऱ्या बाजूवर पुढच्या कंपनीचं नाव कोरून आणायचं आणि तीच पाटी उलटी करून त्याच खोलीला लावायची. येणारे-जाणारे पुढचं नाव वाचायचे. मागचं मिस्त्रीला पाठ असायचं.

एकाच पाटीला त्यानं पहिल्या दिवशीच चारही स्क्रू लावले होते. एकशे चौदा नंबरच्या खोलीची. ती खोली त्याच्या मुलीची होती.

ठमी हे तिचं घरातलं नाव. शिकून इंजिनिअर झाली तरी तेच चिकटलं. तिनं एक डबी बनवली होती. जमिनीखालच्या पाइपला लावली की आवाजावरून गळती कुठे आहे ते सांगायची. पाणीखात्यानं सहा रस्त्यांवर डब्या लावून बघितल्या, अकरा गळत्या सापडल्या. साहेबांनी पाठ थोपटली आणि फाईल वर पाठवली. वर गेली ती गेलीच. ठमीनं अडीच वर्षं त्या ऑफिसचे उंबरे झिजवले. मग एका संध्याकाळी जेवताना म्हणाली, "बाबा, बंद करतेय."

आईच्या डोळ्यांना धार लागली. मिस्त्रीनं तोंडातला घास नीट चावून गिळला आणि विचारलं, "खोली कधी रिकामी करायची?"

त्याला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दाताच्या डॉक्टरनं भूल दिली की गाल आपलाच असतो, पण चावला तरी कळत नाही, तसं त्याचं झालं होतं. तीन आठवडे तो वेळेवर उठला, वेळेवर कामावर गेला, नळ दुरुस्त केले, कड्या बसवल्या. कुणी सांत्वन केलं तर "चालायचंच" म्हणाला.

शेजारच्या एकशे सोळामधल्या कंपनीनं एकशे चौदा मागून घेतली. ते कारखान्यांच्या पंपांसाठी यंत्रं बनवायचे. पंप बिघडायच्या आधी आवाज बदलतो, तो ओळखायला त्यांना ठमीची डबी हवी होती, आणि डबीबरोबर ठमीही. रीतसर नोकरी देत होते. "सोमवारी नऊला ये. नाही आलीस तर तुझा नकार समजू," एवढंच त्यांचं म्हणणं. ठमी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आई मिस्त्रीच्या मागे लागली, "अहो, बोला तिच्याशी. आज घरात बसली तर कायमची बसेल ती." हे मिस्त्रीलाही कळत होतं. पण तो हत्यारांची पिशवी उचलून कामाला निघायचा.

शुक्रवारी त्यानं पाटी उतरवली. वरचे स्क्रू निघाले. खालचे दोन इतके घट्ट बसले होते की तेल सोडून वाट बघावी लागली. ते त्यानं दाराशेजारच्या खिडकीच्या कठड्यावर ठेवले आणि तिथेच विसरला.

सोमवारी सकाळी तो घरातून निघाला तेव्हा ठमीच्या खोलीचं दार बंद होतं. पावणेनऊला त्यानं नवं नाव कोरलेली पाटी लावली. वरचे दोन स्क्रू. ठमीच्या कंपनीचं नाव भिंतीकडे गेलं.

तेवढ्यात पार्कच्या संचालकबाई पाहुण्यांचा घोळका घेऊन आल्या. शहरातली बडी मंडळी होती. बाई सांगत होत्या, "ही खोली आम्ही कधी ओस पडू दिलेली नाही. एखादी कंपनी बंद पडते, पण तिचं काम शेजारच्या खोलीत चालू राहतं. शहराला फायदा होतो तो असा."

मिस्त्रीनं बाजूला सरकून वाट दिली. बाई बोलल्या त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ते ऐकून त्याला बरंही वाटलं नाही आणि वाईटही.

नऊ वाजले. नऊ पाच. त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि उगाच पुन्हा बाहेर काढली.

नऊ दहाला ठमी जिना चढून आली. केस ओले, चेहरा सुजलेला.

"उशीर झाला का?"

"दहा मिनिटं. आहेत आत सगळे."

ती आत गेली नाही. पाटीच्या खालच्या कोपऱ्यातल्या रिकाम्या भोकावर तिनं बोट ठेवलं.

"माझ्या पाटीला चार होते."

"हो."

"पहिल्याच दिवशी. मला खूप राग आला होता, बाबा. बाकीच्यांना तुम्ही वर्षभर पारखून घेता. मला न पारखताच पास केलंत."

मिस्त्री स्क्रूड्रायव्हरकडे बघत म्हणाला, "तुझी पाटी उतरेल असं मनातसुद्धा आणायचं नव्हतं मला. भीती वाटत होती."

तीन आठवड्यांत त्यानं बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य होतं. ठमीनं मान हलवली. कठड्यावरचे दोन स्क्रू तिला दिसले. तिनं ते उचलले, ओढणीनं त्यांचं तेल पुसलं. मिस्त्रीला वाटलं, आता लावायला सांगणार. त्यानं हात पुढे केला.

तिनं स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवले आणि त्याची मूठ मिटवली.

"आत्ता नको. वर्षानं या. तोपर्यंत मी इथेच आहे," ती म्हणाली आणि दार ढकलून आत गेली.

मिस्त्रीनं स्क्रू शर्टाच्या खिशात टाकले. त्या दिवशी त्याला तीन नळ, एक कुलूप आणि एक डुगडुगणारं टेबल दुरुस्त करायचं होतं. प्रत्येक ठिकाणी वाकताना त्यानं एक हात खिशावर दाबून धरला.