जुन्या नंबरला विचारणारा मी

साहेब, तुम्ही मला बंद करायचा हुकूम काढलात. कारण दिलंत, "घरच्या लोकांना त्रास होतो." कोणत्या घरच्या, कोणत्या लोकांना? ज्यांच्यासाठी मी आहे त्या मुलींपैकी एकीला तरी विचारलंत का? नाही विचारलंत. म्हणून माझी हकीकत आता मीच सांगतो.

मित्रांनो, मी एक जुना नियम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत. पांढुर्ण्यातल्या एका नर्सिंग शाळेत खिडकीजवळचा कम्प्युटर आहे, त्यात माझा मुक्काम. इथे शिकणाऱ्या प्रत्येक मुलीचं एक खातं आहे. त्यात नाव, आडनाव, पत्ता, मोबाइल नंबर असे रकाने आहेत. कोणता रकाना कधी बदलला यावर डोळा ठेवणं हे माझं काम.

मला घडवलं रश्मीताईंनी. त्या रोज सौसरहून बसने येतात आणि शाळेचे कम्प्युटर सांभाळतात. कोणाचं खातं कोणी चोरू नये म्हणून त्यांनी मला शिकवलं, "नाव, पत्ता, नंबर एकदम बदलले की समज चोर आला. लाव कुलूप."

मी इमानदार. लावली कुलपं.

पण लग्नसराई आली अन् माझी फजिती झाली. आपल्याकडे लग्न झालं की मुलीचं काय काय बदलतं? वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, गाव बदलतं, सासरचे नवा मोबाइल देतात तोही बदलतो. आणि हे सगळं घरातला एखादा पोरगा एका बैठकीत भरून टाकतो. मला प्रत्येक नवरी चोर दिसू लागली.

हळदीच्या हातांची एक नवरी, चंचल तिचं नाव, तावातावाने आली. "रश्मीताई, तुमच्या कम्प्युटरले माझं लग्न पसंत नाही काय?"

"त्याले आहेर नाही भेटला ना तुझ्याकडून," रश्मीताई म्हणाल्या.

सगळे हसले. शाळेचे हेडक्लार्क, बडे बाबू, तेवढे वैतागले. "बंद करून टाका ना याले. डोक्याले ताप देऊन राहिला."

रश्मीताईंनी मला बंद केलं नाही, सुधारलं. नाव बदलू दे, गाव बदलू दे, आडवा येऊ नको. पण नंबर बदलायचा असला तर आधी जुन्या नंबरला विचार. तिकडून होकार येईपर्यंत जुनाच नंबर खरा धर. "माहेर सुटते लग्नात," त्या म्हणाल्या, "पण पोरीची मर्जी काहून सुटली पाह्यजे?"

त्यानंतर माझे दिवस सुखाचे गेले. बडे बाबूसुद्धा मान डोलावू लागले.

मग पूनमची गोष्ट घडली. पूनम मोहगावची, बोरगावला दिलेली. शेवटच्या वर्षाची परीक्षा तोंडावर होती. खात्यात नवं नाव भरायला तिने दिराला, कुलदीपला, पासवर्ड दिला. त्याने नाव भरलं, पत्ता भरला. मग नंबरच्या रकान्यात स्वतःचा नंबर घातला. आणि लगेच अर्ज केला, "मला परीक्षा द्यायची नाही, माझं नाव काढा." अशा अर्जाला मोबाइलवर आलेला आकडा टाकावा लागतो. आकडा आपल्याच फोनवर येईल, अशी त्याची खात्री होती.

मी तो जुन्या नंबरवर पाठवला, परीक्षेतून नाव काढायचा अर्ज आहे असं लिहून. सोबत विचारलं, "नंबर तुम्हीच बदलताय का?"

पूनमचा जुना फोन माहेरीच राहिला होता, वडिलांच्या, गुणवंताभाऊंच्या, खिशात. गुणवंताभाऊंनी तडक रश्मीताईंना फोन लावला. "म्याडम, पोरगी परीक्षेतून नाव काढून राहिली म्हणते हे. मले त काही बोलली नाही."

"मी सांगून उपयोग नाही, काका. तिलेच विचारा."

त्यांनी विचारलं. पूनमला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पूनम शाळेत आली. सोबत सासरे केशवराव, आणि मागे मान खाली घालून कुलदीप.

"काहून केलं बे?" केशवरावांनी सगळ्यांसमोर विचारलं.

"वहिनी पास झाली की नागपूरले जाईन नोकरीले. मंग घरचं कोण पाहीन?"

"तू पाह्य ना. तुले हात नाहीत काय?"

पूनम कम्प्युटरसमोर बसली, पासवर्ड बदलला, अर्ज रद्द केला. उठताना म्हणाली, "ताई, जुना नंबरच राहू द्या."

ती पास झाली. आज सौसरच्या दवाखान्यात आहे. बोरगावहून रोज जाते-येते, आणि घरचा सकाळचा चहा कुलदीप करतो. मित्रांनो, मी तृप्त आहे.

पण नियमाचा उपयोग दिसत नाही, त्याची अडचण तेवढी दिसते. नंबर लगेच बदलत नाही म्हणून घरच्यांच्या तक्रारी वरच्या ऑफिसात गेल्या आणि साहेब, तुमचा हुकूम आला. रश्मीताईंनी तो वाचून बाजूला ठेवलाय, अजून बटण दाबलेलं नाही. मित्रांनो, तुमचा पासवर्ड घरातल्या माणसालाही देऊ नका. आणि एखादा नियम चुकला तर त्याला दुरुस्त करा, गाडू नका.

आता साहेब, तुम्ही. त्या दिवशी मी बंद असतो, तर पूनमचं नाव तुम्ही कोणाच्या होकारावर काढलं असतं? बटण दाबायच्या आधी मला उत्तर पाहिजे.