साठ अंश

सासऱ्यांच्या कारखान्यात जावयाने काम घेऊ नये, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं म्हणा, बायकोनेच सांगितलं होतं. पण बायकोचं पहिल्या झटक्यात ऐकलं तर तो नवरा कसला!

कारखाना सासऱ्यांचा, म्हणजे मालकीचा नव्हे. तिथे चादरी रंगवतात. रंगाच्या टाक्यांना वाफ पुरवणारा एक बॉयलर आहे आणि माझे सासरे बावीस वर्षं त्याच्या दिमतीला आहेत. मी त्यांना मामा म्हणतो. ते मला जावईबापू म्हणतात, अहो-जाहो करतात आणि मी खुर्चीत टेकल्याशिवाय स्वतः बसत नाहीत. लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी यात तसूभर फरक नाही.

माझा धंदा वाया जाणारी उष्णता पकडण्याचा. धुराड्यातून गरम धूर फुकट वर जातो. त्याच्या वाटेत नळ्यांचा एक जुडगा बसवायचा आणि बॉयलरचं पाणी त्या नळ्यांतून फिरवायचं. पाणी आयतंच तापतं, इंधन वाचतं. मालकीणबाईंना हे पटलं. जुना बॉयलर न मोडता काम होत असेल तर करा, म्हणाल्या.

आता जुडगा केवढा करायचा हे धूर किती गरम आहे त्यावर ठरतं. मी थर्मामीटर पिशवीत घालून गेलो होतो. पण मामांनी दोन्ही हातांनी आपली नोंदवही पुढे केली. सुबक अक्षर, तासातासाची नोंद, कुठे खाडाखोड नाही. धुराच्या रकान्यात दोनशे चाळीस अंश. पुढच्या पानावर दोनशे चाळीस. मागच्या वर्षीही दोनशे चाळीस. दुसऱ्या कोणाची वही असती तर मला तिथेच संशय आला असता. इथे मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे माणसाची! शिवाय सासऱ्यांनी लिहिलेला आकडा त्यांच्याच डोळ्यांदेखत तपासायचा, म्हणजे त्यांना खोटं पाडण्यासारखंच. थर्मामीटर पिशवीतच राहिला.

यंत्र बसलं. नवव्या दिवशी त्याच्या तळातून तांबूस पाणी ठिबकायला लागलं आणि माझी पाचावर धारण बसली. धूर गरजेपेक्षा थंड झाला की त्यातलं आम्ल नळ्यांवर घामासारखं जमतं आणि लोखंड खातं. मग मी झक मारत थर्मामीटर काढला आणि यंत्राच्या अलीकडे धुरात घातला. एकशे ऐंशी. साठ अंश कमी!

घरी जाऊन बायकोला सांगितलं.

"बाबांना विचारलंत?"

"कसं विचारणार?"

"तोंडाने," ती म्हणाली. "अहो, धुराची उष्णता दाखवणारा धुराड्यावरचा काटा नऊ वर्षं दोनशे चाळीसवर अडकलाय. बाबांनी दोनदा नवा मागितला, कोणी दिला नाही. रकाना मोकळा दिसला की तपासनीस ओरडायचे, म्हणून काटा दाखवतो ते लिहीत बसले. तुम्ही वही बघून यंत्र केलंत हे मला काय माहीत?"

"मग मामांनी मला का नाही सांगितलं?"

"जावई एवढ्या हौसेने गणितं मांडतोय, त्याला मध्येच कुठे टोकायचं, म्हणून! एकाने मान राखायचा म्हणून विचारलं नाही, दुसऱ्याने मान राखायचा म्हणून सांगितलं नाही. आता तो मानच घाला धुराड्यात आणि तापवा पाणी."

यंत्राचं काय, आज ना उद्या दुरुस्त झालं असतं. मामांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते आणि बावीस वर्षांत त्यांच्या वहीवर एक वाकडा शेरा नव्हता. जाता जाता त्यांच्या कपाळी खोट्या नोंदीचा ठपका येणार, तोही माझ्यामुळे! ते मला सोसणार नव्हतं. वहीचं नावच काढायचं नाही, असं मी ठरवलं.

सकाळी मालकीणबाईंसमोर उभा राहिलो. "चूक माझी. मी न मोजता यंत्र केलं."

मामा दाराशी उभे होते. "नाही बाईसाहेब," ते म्हणाले, "आकडा मी खोटा लिहिला. नऊ वर्षं लिहितोय." मला त्यांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की कुठे बघावं ते कळेना.

मालकीणबाईंनी चष्मा पुसला. "भांडण नंतर करा. काटा अडकला त्या दिवशी धूर खरंच दोनशे चाळीस होता ना?"

"होता," मामा म्हणाले.

"मग साठ अंश गेले कुठे?"

हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नव्हता. मी मामांकडे वळलो. "मामा, बॉयलरच्या नळ्यांची काजळी तुम्ही कधी घासता?"

"दर सुट्टीच्या दिवशी."

"दर आठवड्याला? लोक वर्षातून एकदा घासतात! कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगणार कोण? काटा अडकला, धूर किती तापतोय ते दिसेना. म्हटलं, निदान नळ्या तरी स्वच्छ ठेवाव्यात." ते जरा ओशाळले. "आणि घरी बसलो की तुमच्या सासूबाई बोलतात."

मी मालकीणबाईंना समजावून सांगितलं. काजळी नसली की उष्णता बॉयलरच्या पाण्यातच उतरते, धुराड्यापर्यंत पोचतच नाही. मी जे साठ अंश पकडायला यंत्र आणलं होतं ते मामांनी एका तारेच्या ब्रशने नऊ वर्षं आधीच पकडून ठेवले होते.

"म्हणजे आडातच नव्हतं," मालकीणबाई म्हणाल्या, "तर तुमच्या पोहऱ्यात कुठून येणार!" मग त्या मामांकडे वळल्या. वहीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही. "आज नवा काटा बसवून घ्या," एवढंच म्हणाल्या.

बाहेर आल्यावर मामा माझ्याजवळ सरकले. माझा पडलेला चेहरा त्यांना बघवत नसावा. हळूच म्हणाले, "जीव नका जाळू, जावईबापू. चार महिने कळ काढा. मी गेलो की नळ्या कोणी घासणार नाही. काजळी धरेल, धूर तापेल आणि तुमचं यंत्र बरोबर मापाचं होईल."

माझी समजूत काढत होते हो ते! आपलं नऊ वर्षांचं काम काजळीत जाणार, याचं त्यांना काही नाही, जावयाचं यंत्र खरं ठरलं की झालं.

"नाही मामा," मी म्हणालो. "यंत्रच कापून लहान करू. आणि नळ्या कशा घासायच्या ते मला शिकवा. तुमच्यामागे जो येईल त्याला मी शिकवीन."

त्यांनी मला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग आधी तो शर्ट काढून ठेवा," ते म्हणाले. "काजळी धुऊन जात नाही. उगाच माझ्या लेकीचा ओरडा मला खावा लागेल."