लाल दोऱ्याचा चिरूट

बाइंडरच्या पोटात दुखायला लागून आता तीन रविवार झाले होते, आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. दुखणं अगदी साधं होतं. रविवारी जेवणं उरकली की सासरे खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचे, समोरच्या तबकातून एक चिरूट उचलायचे आणि पेटवायचे. बारा वर्षं तो चिरूट बाइंडरने वळलेला असायचा. गेले तीन रविवार तो धाकट्या जावयाचा होता.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. म्हणणाऱ्याचं काय जातं? त्याने बारा वर्षं दर शनिवारी दुपारी सासऱ्यांच्या टेबलाशी बसून तंबाखूच्या पानांच्या शिरा काढलेल्या नसतात. बाइंडरचा धंदा पुस्तकं बांधण्याचा. दिवसभर कागद दाबायचे, दोरा ओढायचा, कडा सारख्या करायच्या. त्याचे स्वतःचे वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता. लग्नानंतर सासऱ्यांनी त्याला जवळ बसवलं, वाळलेलं एक अख्खं पान हातात दिलं आणि सांगितलं, जावईबापू, याला आधी ओल द्या, नाहीतर बोटांत चुरा होईल. त्या दिवसापासून हा माणूस त्या टेबलाचा झाला.

पुढचं सगळं त्यांनीच शिकवलं. झाडाच्या बुडाचं पान पातळ, ते भरभर जळतं, म्हणून चिरूट विझत नाही. मधलं पान वासाचं. शेंड्याचं जाड आणि कडक, ते सावकाश जळतं, म्हणून ते अगदी मधोमध ठेवायचं. या तिन्हींचं प्रमाण जमलं की मिश्रण जमलं. मग ते एका मजबूत पानात गुंडाळून लाकडी साच्यात दाबून ठेवायचं, आणि वरून सगळ्यात देखणं पान डिंकाने चिकटवायचं. बाइंडरचा चिरूट आखणीच्या रुळासारखा सरळ आणि घट्ट. टेबलावर आपटला तर टक्क वाजायचा. सासरे तो बोटांत फिरवून बघायचे आणि म्हणायचे, जोड कुठे आहे ते दिसतच नाही. बाइंडरला तेवढं आठवडाभर पुरायचं.

मागच्या वर्षी धाकट्या मेहुणीचं लग्न झालं आणि हा ड्रायव्हर घरात आला. शहरात बस चालवायचा, मोठ्याने हसायचा, कोणाशीही गप्पा मारायचा. त्यालाही सासऱ्यांनी टेबलाशी बसवलं. त्याचा चिरूट म्हणजे काय सांगावं महाराजा, मध्ये पोट सुटलेलं आणि टोकाला मान वाकडी. तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाइंडर मनातून चांगलाच सुखावला होता. कोणाचा कोणता ते कळावं म्हणून बाइंडर आपल्या चिरुटाला पांढरा दोरा गुंडाळायचा आणि ड्रायव्हर लाल. खरं तर गरजच नव्हती.

आणि ते लाल दोऱ्याचं ध्यान आता सासरे रविवारी उचलत होते. वर त्या ड्रायव्हरला ते वर्षाच्या आत अरे-तुरे करायला लागले होते, आणि बाइंडर अजून आपला जावईबापूच. बायकोजवळ हे बोलला तर ती म्हणाली, बाबा तुम्हाला मान देतात, तोही टोचतो का तुम्हाला? टोचत होता. मान परक्याला देतात, हे तिला कसं सांगणार?

आधी त्याला वाटलं, चवीत काही असेल. त्याने मिश्रण बदलून पाहिलं, शेंड्याचं पान कमी केलं, मधलं वाढवलं. उपयोग शून्य. मग त्याने ड्रायव्हरचा एक चिरूट गुपचूप घरी नेला, ब्लेडने उभा चिरला आणि पानं सुटी करून कागदावर मांडली. बघतो तर तीच पानं, तेच प्रमाण, फक्त सैल आणि कशीतरी भरलेली. बाइंडरच्या अंगाचा तिळपापड झाला. चवीत काडीचा फरक नव्हता. म्हणजे म्हातारा चिरूट निवडतच नव्हता, जावई निवडत होता.

हे सगळ्यांसमोर आणायचं त्याने ठरवलं. शनिवारी सगळे उठून गेल्यावर त्याने एक खास चिरूट वळला. त्याला तो ड्रायव्हरसारखा दिसायला हवा होता, म्हणून ढिला वळायला गेला, पण बोटं ऐकेनात. प्रत्येक फेऱ्याला ती आपसूक आवळत गेली. शेवटी त्याने वरचं पानच वाकडं लावलं, मध्ये एक फुगवटा काढला आणि वर लाल दोरा गुंडाळला. ड्रायव्हरचे खरे चिरूट तबकातून काढून स्वतःच्या खिशात टाकले. सासरे हा ओढतील, नेहमीसारखं छान म्हणतील, आणि मग तो सांगेल की बाबा, हा माझा आहे. मग बघू एकेकाची तोंडं.

रविवारी जेवणानंतर दोन्ही मुली, दोन्ही जावई त्या खोलीत बसले होते. सासऱ्यांचा हात तबकावर फिरला आणि लाल दोऱ्यापाशी थांबला. त्यांनी टोक कापलं, काडी ओढली, एक झुरका घेतला. धूर आला नाही. दुसरी काडी ओढली. त्यांचे गाल आत गेले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, तरी धूर येईना. त्यांनी चिरूट तोंडातून काढून बोटांत दाबून पाहिला, एकदा बाइंडरकडे नजर टाकली, आणि तिसरी काडी ओढून जीव खाऊन ओढलं. बाइंडर शाबासकीची वाट बघत खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

खोकला सुरू झाला तो थांबेचना. ओठ काळेनिळे पडले. ड्रायव्हर धावला, त्याने त्यांना पुढे वाकवून धरलं आणि बायकोला खिडकी उघडायला सांगितली. पाच मिनिटांनी श्वास परत आला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. थोरलीने वडिलांना फैलावर घेतलं. मग एकेक गोष्ट बाहेर पडली. गेले दोन महिने ते उशीला टेकून बसूनच झोपत होते. जिना चढताना मध्ये थांबायचे आणि कोणी आलं तर चष्मा पुसत असल्यासारखं करायचे.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. त्यांनी तंबाखू त्याच क्षणी बंद करायला सांगितली. दोघी बहिणींनी पानांच्या जुड्या, साचा, डिंकाची बाटली, सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं. टेबल रिकामं झालं. आणि धाकटी नवऱ्यावर जी बरसली ती बरसलीच. दगडासारखा चिरूट वळून ठेवलास, माझ्या बाबांचा जीव घेतला असतास, वगैरे. ड्रायव्हरने तो चिरूट जमिनीवरून उचलला होता. बोटांत धरताच त्याला कळलं असणार की हा आपला नाही. त्याने एकदा बाइंडरकडे बघितलं आणि खाली मान घालून बायकोचं सगळं ऐकून घेतलं.

बाइंडर मूग गिळून बसला. दोन दिवस त्याला जेवण गेलं नाही. पण खरं सांगायचं तर, पश्चात्तापापेक्षाही त्याला दुसरंच काहीतरी कुरतडत होतं. हात बसल्यावरही ड्रायव्हर सैल वळत होता तो मुद्दाम, ओढायला दम कमी लागावा म्हणून, म्हणजे म्हाताऱ्याचा दम कमी पडतोय हे त्याला आधीच माहीत होतं. घरात कोणाला माहीत नव्हतं, थोरल्या लेकीला नाही, बारा वर्षं टेबलाशी बसलेल्या माणसाला नाही, आणि ह्या काल आलेल्याला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो सासऱ्यांच्या खोलीत गेला. ते तीन उशांना टेकून बसले होते. त्याने उभ्या उभ्याच सांगून टाकलं की तो चिरूट त्याचा होता, आणि ड्रायव्हरचे दोन अजून त्याच्या खिशात आहेत.

“ठाऊक आहे,” सासरे म्हणाले. “पहिल्या झुरक्यालाच कळलं. तुमच्यासारखा घट्ट हात ह्या घरात दुसऱ्या कोणाचा आहे?”

“मग टाकून का नाही दिलात?”

“तुम्ही इतक्या आशेने बघत होतात.”

बाइंडरने खुर्ची ओढली आणि बसला. खाली जाऊन धाकटीला खरं सांगा, असं सासरे म्हणाले. त्याने मान हलवली, पण उठला नाही. जे विचारायला नको होतं तेच शेवटी त्याच्या तोंडून निघालं.

“बाबा, तुम्हाला त्रास होतोय हे त्याला सांगितलंत. मला का नाही सांगितलंत?”

म्हाताऱ्याने मागची उशी सारखी करून पाठ टेकली.

“मी कोणालाच सांगितलं नाही, जावईबापू. आपण तिघं टेबलाशी बसायचो तेव्हा तो माझ्याकडे बघत असायचा. आणि तुम्ही त्याच्याकडे.”

एवढं बोलताना त्यांना दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला, आणि या वेळी बाइंडर त्यांच्याकडेच बघत होता.