भिंतीवर न उमटलेलं चौथं पान

मित्रांनो, माझ्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आहे. आमच्या समुद्राकाठच्या इलोइलो शहराच्या दमट हवेनं माझ्या भिंगावर बुरशीचं जाळं विणलं. आता कितीही स्वच्छ चित्र टाकलं, तरी भिंतीवर ढग उतरतात. मी एक जुना प्रोजेक्टर. एका पावभट्टीच्या माडीवरच्या कपाटात, फुटक्या थर्मासच्या शेजारी माझा मुक्काम असतो.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, ते खोक्यावर लिहिलेलं होतं. ते खोकं केव्हाच फाटलं. मला आठवतं ते इथल्या संगणकवाल्यांचं मंडळ. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी तीनला ही मंडळी माडी चढून येत. मंडळ उभं केलं कोन्सोर्सियाबाईंनी. बँकेच्या संगणक विभागात त्यांचा जन्म गेला होता. सगळे त्यांना नांग सोर्सिंग म्हणत, नांग म्हणजे ताई. माझा पहिला उजेड त्यांच्या बाहीवर पडला, दुसरा भिंतीवर, आणि तिसरा समोरच्या तीस चेहऱ्यांवर.

बैठकीची शेवटची पंधरा मिनिटं चुकांची असत. दार लावलं जाई. एकजण माझ्या उजेडात उभा राही आणि आपलीच चूक भिंतीवर दाखवी. एकानं चाचणीचा म्हणून लिहिलेला ‘उठा माकडांनो’ हा निरोप नऊशे खऱ्या ग्राहकांना पाठवला होता. दुसऱ्यानं एका चुकीच्या आज्ञेनं अख्ख्या कचेरीच्या नोंदी पुसल्या होत्या. दार बंद असेपर्यंत कुणी हसायचं नाही आणि ऐकलेलं खाली न्यायचं नाही, हा नियम होता. मग दार उघडे, खालच्या भट्टीतून गरम बिस्कोचोचा, म्हणजे खरपूस गोड पावाचा, वास वर येई, आणि चूक सांगणाराच सगळ्यांत आधी हसे.

त्या दिवसांत माझे लाड होत. नांग सोर्सिंग रंगाच्या मऊ कुंचल्यानं माझी हवेची जाळी झाडत.

मग एलियाझारचं आणि त्यांचं बिनसलं. तो त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता त्याची स्वतःची कंपनी होती, पदरी वीस माणसं होती. चुकांच्या पंधरा मिनिटांत कंपन्यांना त्यांचा माल दाखवू द्यावा, असं त्याचं म्हणणं होतं. रडगाणी ऐकायला कोण येतं, असं तो जिन्यात सांगत फिरे.

इथली बोली इतकी लडिवाळ, की भांडणसुद्धा अंगाईसारखं ऐकू येतं. त्याच गोड सुरात ती दोघं एकमेकांची सालटी काढत.

“नांग, आता जरा आराम करा,” तो म्हणे. “तुमच्या वेळची यंत्रंसुद्धा भंगारात जाऊन आराम करतायत.”

“करीन ना, तोतो. तुझी माऊस उलटा धरायची सवय गेली का, तेवढं बघते आणि करते.”

तोतो म्हणजे बाळ्या. बेचाळीस वर्षांचा मालक आपल्या नोकरांसमोर बाळ्या झाला, की त्याचे कान तापत. हळूहळू खुर्च्यांचे दोन तट पडले. मधून वाट झाली. त्या वाटेच्या तोंडाशी मी, दोन्हीकडच्या फुरफुरीत सापडलेला.

अशातच एका शनिवारी नांग सोर्सिंग स्वतः माझ्या उजेडात उभ्या राहिल्या. लॅपटॉपवर त्यांनी चार पानं आणली होती. पहिल्या पानावर मंडळाच्या बावीस वर्षांच्या नोंदी कशा जपल्या ते होतं. त्यांनी लिहिलेली एक छोटी आज्ञावली दर रविवारी सगळ्याची प्रत आपोआप काढून ठेवी. दुसऱ्या पानावर त्यांची मूळ डिस्क बंद पडल्याचं होतं. तिसऱ्या पानावर प्रतींचा फोल्डर उघडला. तो रिकामा होता. त्यांनी कधीतरी नोंदी दुसऱ्या जागी हलवल्या होत्या, आणि ती आज्ञावली चार वर्षं इमानानं जुनी प्रत पुसून रिकाम्या जागेची प्रत काढत होती. प्रत उघडून बघायचं त्यांच्या मनात एकदाही आलं नव्हतं.

एलियाझार हसला. हसत उठला आणि त्यानं दार सताड उघडलं.

“ऐका रे खालच्यांनो, ताईंनी बावीस वर्षांचं शून्य जपून ठेवलंय.”

त्याची बाजू हसली. दुसरी बाजू ओरडली. एक खुर्ची पडली, कुणाचा तरी पाय तारेत अडकला आणि माझा दिवा गेला. चौथं पान माझ्यापर्यंत आलं होतं, मित्रांनो, पण ते भिंतीवर उमटलंच नाही. त्यावर लिहिलं होतं, ‘ही आज्ञावली तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्याकडून नेली आहे. आजच आपापली प्रत उघडून बघा.’

नांग सोर्सिंगनी नंतर तेच पान जोडून सगळ्यांना पत्र लिहिलं. त्यांच्या बाजूच्यांनी तपासलं, वेळेत दुरुस्त केलं आणि कपाळावरचा घाम पुसला. एलियाझारच्या बाजूनं ते पत्र उघडलंही नाही. म्हातारी स्वतःची चूक आता सगळ्यांच्या गळ्यात बांधतेय, असं ती मंडळी म्हणाली.

पुढचे सात महिने माझ्या उजेडात कुणी आलं नाही. शेवटची पंधरा मिनिटं टोमण्यांत जात. कुणी माझ्यावर ओली छत्री ठेवली. कुणी माझ्या भिंगावरची झडप तोडली, आणि दोन्ही तटांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. मग एलियाझारनं भिंतीवर मोठा टीव्ही लावून दिला आणि मी कपाटात गेलो. जाळीत धूळ साचली, भिंगात बुरशी.

आठव्या महिन्यात कपाट उघडलं. समोर एलियाझार होता, दाढी वाढलेला. टीव्हीकडे न बघता त्यानं मला काढलं, बाहीनं पुसलं आणि मेजावर ठेवलं. गावात बातमी आधीच फिरली होती. एका प्रसूतिगृहातल्या तीन हजार बाळांच्या नोंदी त्याची कंपनी सांभाळायची, त्या गेल्या होत्या. सुइणींनी पायांच्या ठशांची कार्डं बिस्किटांच्या डब्यांत ठेवली होती. त्यांवरून आता सगळं नव्यानं लिहिणं चाललं होतं.

तो माझ्या उजेडात उभा राहिला. भिंतीवर एक फोल्डर उघडला. ढगाळ, पण रिकामा आहे एवढं दिसत होतं.

“आज्ञावली नांगची,” तो म्हणाला. “पण आंधळेपणा माझा. मला सांगितलं होतं, मी वाचलं नाही.”

पलीकडच्या तटातून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं. सात महिन्यांचा हिशेब चुकता करायला सगळी बाजू सरसावून बसली. त्याचा हात लॅपटॉप मिटायला निघाला.

नांग सोर्सिंग उठल्या. त्या त्याच्याकडे आल्या नाहीत. सरळ गेल्या, दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

“दार बंद आहे,” त्या आपल्याच माणसांना म्हणाल्या. मग त्याच्याकडे बघून, तितक्याच गोड सुरात, “एलियाझार, तू मला आवडत नाहीस. उद्याही आवडणार नाहीस. पण पंधरा मिनिटं तुझी आहेत. पुढचं पान दाखव.”

त्यांनी त्याला तोतो म्हटलं नाही, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. त्यानं पुढचं पान लावलं. ते चौथं पान होतं, त्यांचंच, पत्रातून काढलेलं.

त्या दोघांचं आजही पटत नाही. खुर्च्यांमधली वाट तशीच आहे. पण शेवटची पंधरा मिनिटं टीव्ही बंद होतो आणि मला बाहेर काढतात. माझा दिवा आता फार दिवस टिकायचा नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेत माझ्यासारखा कुणी असेल, तर महिन्यातून एकदा त्याची जाळी मऊ कुंचल्यानं झाडा. आणि त्याच्या उजेडात कुणी आपली चूक घेऊन उभं राहिलं, तर आधी उठून दार लावा.