कोयनेलची रांग

कंपाउंडरनं बरणीत पळी बुडवली आणि पुढच्या गड्याच्या उघड्या तोंडात कोयनेलचा, तापावरच्या कडू औषधाचा, घोट ओतला. गड्यानं डोळे गच्च मिटले, मान वाकडी केली आणि तसाच तो बाजूला सरकणार तोच कुंडलिकनं त्याचा दंड धरला.

"नाव सांग."

गड्याचे गाल फुगलेले होते. त्यानं हातानंच थांबायची खूण केली. कुंडलिकनं दंड सोडला नाही. शेवटी गड्याचा कंठ वर-खाली झाला आणि त्याच्या अंगावर शहारा आला.

"आबाजी," तो कसाबसा म्हणाला.

रांगेत हसू पसरलं. मागची माणसं मात्र लगेच गप्प झाली, कारण आजपासून घोट गिळल्याशिवाय सुटका नाही हे सगळ्यांच्या ध्यानात आलं होतं.

ही युक्ती कुंडलिकची होती. मोठ्या लढाईत तो मजुरांच्या तुकडीबरोबर बसऱ्याला गेला होता. तिथं रोज सकाळी गोरा सार्जंट रांग लावून कोयनेल पाजायचा आणि प्रत्येकाकडून मोठ्यानं नाव वदवून घ्यायचा. औषध तोंडात धरून माणसाला बोलता येत नाही. ज्यांनी सार्जंटचा डोळा चुकवून चूळ थुंकली, त्यांतले कितीतरी तिथल्याच वाळूत राहिले. कुंडलिक परत आला. आपण जगलो ते कोयनेलनं आणि कोयनेल पोटात गेलं ते त्या गोऱ्याच्या धाकानं, असं तो मनोमन धरून होता.

त्याचं गाव लोणी भापकर. बारामतीच्या जिराईत भागातलं. तिथं उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचे वांधे, पण थंडीताप कुणाला ठाऊक नव्हता. इकडं इंदापूरच्या बाजूला पाटाचं पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला, साखरेचा कारखाना उभा राहिला, आणि उसाच्या सरींत जिथं तिथं साचलेल्या पाण्यातून हिवताप आला. पोटाची सोय म्हणून कोरड्या गावांतली माणसं या ओल्या मुलखात आली. पाचटाच्या कोप्या घालून राहिली आणि पाळीपाळीनं कुडकुडू लागली. निम्मे मजूर गोधडीत पडल्यावर कारखान्यानं कोयनेल आणवलं. तरी ताप हटेना. माणसं उसाआड जाऊन थुंकतात हे मॅनेजर बापूसाहेबांच्या कानावर गेलं, तेव्हा त्यांनी मुकादम म्हणून कुंडलिकला विचारलं आणि त्यानं बसऱ्याची रीत सांगितली.

बायकांच्या रांगेत सरुबाईची पाळी आली. ती मोरगावकडची. नवरा मागंच गेलेला, पदरात दोन पोरं. बाई कामाला चोख, पण रोज औषध घेतलं की तोंडाला पदर लावून आधी कोपीकडं जायची आणि मग खुरपं घेऊन भांगलणीला उशिरा यायची. वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. बाई गर्विष्ठ आहे, असं इतर बायका म्हणत. ही पक्की थुंकणारी, असं कुंडलिक धरून चालला होता.

कंपाउंडरनं पळी ओतली. सरुबाईनं ओठ मिटले आणि ती वळली.

"सरुबाई, नाव सांगायचं."

ती थांबली. तिनं कुंडलिककडं पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. काहीतरी मागावं आणि तोंडानं मागता येऊ नये, तसं ते होतं. कुंडलिकला वाटलं, चोरी सापडली म्हणून बाई शरमली. तो वाट बघत उभा राहिला. रांग खोळंबली. मग सरुबाईनं घोट गिळला.

"सरू," ती म्हणाली आणि कोपीकडं न जाता सरळ उसाकडं चालू लागली.

त्या महिन्यात ताप हटला. गोधडीत पडलेली माणसं उठून बसली, उसाच्या मोळ्या वेळेवर गाड्यांवर चढू लागल्या. बापूसाहेबांनी चार माणसांदेखत कुंडलिकची पाठ थोपटली आणि त्याला पत्र्याच्या छपराची खोली दिली. त्यानं गावाकडून बायकोला, प्रयागबाईला, बोलावून घेतलं. रस्त्यानं जाताना मजूर त्याला वाकून रामराम घालत. आपल्या हातून पुण्याचं काम झालं, हे समाधान त्याच्या चालण्यातसुद्धा आलं होतं.

संक्रांत झाली आणि सरुबाईचा मोठा पोरगा गेला. रामहरी त्याचं नाव. पोट पुढं आलेलं, डाव्या कुशीत तापानं सुजलेली पानथरी दगडासारखी टणक, हातपाय काटक्या. कुंडलिक मुकादम या नात्यानं पाटाकडेच्या मातीला गेला. सरुबाई रडत नव्हती. धाकटी गोजर तिच्या लुगड्याला धरून उभी होती आणि लोक माती का लोटतात, हे तिला कळत नव्हतं.

घरी आल्यावर प्रयागबाईनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. मग भाकरी वाढली. त्याचा पहिला घास झाल्यावर ती म्हणाली, "त्या पोराला ती बाई रोज औशीद पाजत व्हती."

"कुठलं औशीद? पोरांना मिळत न्हाय."

"तिच्या वाटणीचं. तोंडात धरून आणायची, चिमणीवानी. निम्मं एकाला, निम्मं दुसऱ्याला. म्हनून तर कुनाशी बोलत नसायची." प्रयागबाईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. "तुमास्नी कुनी सांगितलं न्हाय?"

कुंडलिकनं दुसरा घास मोडला, तो बराच वेळ बोटांत धरला आणि पुन्हा ताटात ठेवला.

प्रयागबाईनं एवढंच आणखी सांगितलं, की कोप्यांतल्या बायकांत तसं करणारी सरुबाई एकटी नव्हती.

सकाळी तो बापूसाहेबांच्या कचेरीत गेला. बापूसाहेब पुण्याचे, शिकलेले, आणि माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोराबद्दल त्यांना खरंच वाईट वाटलं. इथल्या हवेच्या भीतीनं आपण स्वतःची मुलगी पुण्याला ठेवली आहे, असंही ते म्हणाले. पण मजुरांच्या पोरांना औषध द्यायचं म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. कपाटातून कोयनेलचा डबा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. हे कुठून येतं ठाऊक आहे का, असं विचारलं. जावा बेटातून येतं, असं आपणच सांगितलं.

"साखर बी तितनंच यायची न्हवं, साहेब?" कुंडलिकनं विचारलं.

"यायची. सरकारनं तिच्यावर जबर जकात बसवली, म्हणून तर आपला कारखाना उभा राहिला. औषधाचं तसं नाही. त्याची झाडं बहुतेक सगळी तिथंच. डच मळेवाले एकत्र बसून भाव ठरवतात. झाडं लावायची थांबवतील, पण भाव उतरू देणार नाहीत."

कंपनी हे औषध घेते ते काम खोळंबू नये म्हणून, असं ते पुढं म्हणाले. मस्टरवर ज्याचं नाव, त्याला औषध. मुंबईच्या मालकांना त्यांना तेवढाच हिशेब दाखवता येतो. उद्या पोरांना दिलं, तर परवा म्हाताऱ्यांना द्यावं लागेल, आणि मग आजूबाजूची गावंही दारात येतील.

कुंडलिक डब्याकडं पाहत उभा होता. इंदापूरच्या पोस्टात कोयनेल विकत मिळे, पण एका पोराचा ताप काढायचा तर बाईला कितीतरी दिवस चूल पेटवता आली नसती. बसऱ्याला त्यानं कधी कुणाला औषधासाठी हात पसरताना पाहिलं नव्हतं. तिथं ते बळजबरीनं पाजत. ते फुकट का मिळत होतं, याचा विचार इतक्या वर्षांत त्याच्या मनात आला नव्हता.

"मग पोरांची नावं मस्टरवर घातली तर?" तो म्हणाला.

बापूसाहेबांनी मान वर केली. असं काही त्यांच्या मनात आलं नसावं. त्यांनी थोडा विचार केला आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला.

"घाला की. भांगलणीला हात कमीच पडतायत. पोरांना अर्धी मजुरी. मात्र दहाच्या खालचं कुणी नको, कारखान्याची बदनामी होते."

इतक्या सहज होईल असं कुंडलिकला वाटलं नव्हतं. तो जवळजवळ पळतच कोप्यांकडं गेला. बायका गोळा झाल्या. त्यानं सांगितलं, उद्यापासून पोरांना बी औशीद. एक म्हातारी त्याच्या पाया पडली. कुणीतरी त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. सरुबाई तेवढी कोपीच्या दारात बसून होती. तिनं ऐकलं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी उजाडता पोरांची रांग लागली. आयांनी त्यांना अंघोळी घातल्या होत्या, डोक्याला तेल थापलं होतं. शाळेत घालायला आणल्यासारखी पोरं नटून उभी होती. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या कमरेला आईच्या जुन्या लुगड्याची ओटी. तोंड कडू झालं की पोरं जीभ बाहेर काढत आणि न विचारताच मोठ्यानं नाव सांगत. पुढं टेबलापाशी मस्टरचा कारकून वय विचारी. आया दहा म्हणत, अकरा म्हणत. कारकून मान वर न करता लिहून घेई आणि पोरं आयांमागून उसात शिरत. ऊस त्यांच्या डोक्यापेक्षा उंच होता. आत गेलेलं पोर लगेच दिसेनासं होई.

कुंडलिक एक एक पोर आत जाताना पाहत होता. गुळाच्या खड्याची गोडी काल रात्रीच संपली होती.

शेवटी सरुबाई आली. गोजरचा हात तिच्या हातात होता. पोरीचे दुधाचे दातसुद्धा अजून पडले नव्हते. कंपाउंडरनं पळी अर्धीच भरली आणि वाकून तिच्या तोंडाला लावली. गोजरनं घोट गिळला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं आईकडं पाहून ते आवरलं.

"वय?" कारकुनानं विचारलं.

सरुबाईनं कारकुनाकडं पाहिलं नाही. ती कुंडलिककडं वळली. रामहरीला माती दिल्यापासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

"किती लागतंय, तात्या?"

कारकून टाक धरून थांबला होता.

"धा," कुंडलिक म्हणाला.

"मग धा घाला."

तिनं कमरेचं खुरपं काढलं, पोरीच्या हातात दिलं आणि मुठीभोवती तिची बोटं एक एक करून मिटवली.