खिशातली अमावस्या

मावशींनी कोटाचा डावा खिसा उलटा केला आणि शिवणीत अडकलेला कागद अंगठ्याने बाहेर ढकलला. चार घड्या घातलेली चिठ्ठी. गळपट्टीच्या आतला लाल दोऱ्याचा नंबर पाहायची खरं तर गरज नव्हती, तरी त्यांनी पाहिला. एक्केचाळीस. चिठ्ठी त्यांनी आपल्या अ‍ॅप्रनमध्ये सरकवली आणि कोट मशीनच्या ढिगावर टाकला.

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत सोळा वर्षं त्या हेच काम करत होत्या. मशीनमध्ये जाण्याआधी प्रत्येक कोटाचे खिसे तपासायचे. बायका त्यांना 'झडती' म्हणायच्या, समोर मावशी. एकदा रजेवर होत्या तेव्हा कुणाचं तरी शाईचं पेन आत गेलं आणि हॉस्पिटलातले निम्मे डॉक्टर आठवडाभर आभाळी रंगाच्या कोटात फिरले. तेव्हापासून त्यांची रजा मंजूर करताना सुपरवायझरचा हात जड व्हायचा. किल्ल्या, चष्मे, अंगठ्या असं काही सापडलं की नंबर लिहून ट्रेमध्ये ठेवायचं, चिठ्ठ्याचपाट्या कचऱ्यात टाकायच्या. वाचायच्या नाहीत, हे कुणी कुठे लिहून ठेवलं नव्हतं. मावशींनी ते स्वतःच ठरवलं होतं आणि सोळा वर्षं पाळलंही होतं.

एक्केचाळीस नंबरच्या पहिल्या चिठ्ठीने मात्र त्यांचा नेम मोडला. ती उघडीच निघाली, त्याला त्या काय करणार? जाड, गुळगुळीत कागद, वर छापलेला काळा गोल, त्याखाली 'वृषभ राशीतली अमावस्या. शरीराचं ऐका.' आणि खाली बारीक अक्षरात पाच ओळी होत्या.

झोपताना फोन दुसऱ्या खोलीत.
बसून जेवणे.
आठवड्यातून तीनदा चालणे.
आईशी बोलताना घड्याळ न पाहणे.
काखेतली गाठ दाखवून घेणे.

पहिल्या चार ओळींवर काट मारलेली होती. पाचवी तशीच होती.

एक्केचाळीस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या ओपीडीतल्या डॉक्टरबाई. कडक बाई. पेशंटने "एकाने सांगितलं म्हणून काढा घेतला" असं म्हटलं की त्या चष्म्यावरून अशा बघायच्या, की माणसाला काढा नाही, विष घेतल्यासारखं वाटावं. त्यांच्या खिशात राशी? मावशींना हसू आवरेना. कुणाच्या कोटातली ते न सांगता त्यांनी चिठ्ठीचा वरचा भाग तेवढा इस्त्रीवालीला दाखवला.

"अय्या, हे तर माझ्या वहिनीकडेपण आहे," इस्त्रीवाली म्हणाली. "वही मिळते तशी. अमावस्येला बसून लिहायचं, या महिन्यात स्वतःसाठी काय करणार. चंद्र शून्यातून वाढत जातो ना, तसं आपलंपण वाढतं म्हणे. ज्या राशीत अमावस्या, त्याप्रमाणे विषय."

"आणि मग?"

"महिनाभर कागद जवळ बाळगायचा, झालेल्यावर काट मारायची. पुढच्या अमावस्येला पाण्यात सोडायचा. वहिनी बादलीत सोडते."

मावशींनी एक्केचाळीसचा कोट आठवून पाहिला. दर आठवड्याला धुवायला यायचा, खिसे चाटूनपुसून साफ. चिठ्ठी निघाली ती नेमकी अमावस्येला. म्हणजे विसर नव्हता तो. बाईंना बादलीसाठीसुद्धा वेळ नसावा, म्हणून त्यांनी कागद सरळ लाँड्रीच्या पाण्याला लावून दिला होता. आणि नेमका मावशींनी तो अडवला होता.

मशीन सुरू होऊन गेलं होतं. चिठ्ठी त्यांनी घरी नेली आणि डाळीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. फेकणं जिवावर आलं.

गंमत अशी, की चार दिवसांनी त्या स्वतःच बसून जेवल्या. नाहीतर त्यांचं जेवण म्हणजे ओट्याला टेकून, एक डोळा गॅसवर. त्या दिवशी ताट घेऊन टेबलाशी बसल्या तेव्हा नवरा काळजीत पडला. तो निवृत्त बस-ड्रायव्हर, बदल दिसला की आधी ब्रेकवर पाय.

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय की."

"मग बसलीस का?"

त्यांनी आणखी एक पोळी वाढून घेतली. पुढच्या महिन्यात मिथुनेची चिठ्ठी आली. तिच्यात 'एका माणसाला नाही म्हणणे' असं होतं आणि त्यावर जोरात काट होती. मावशींनी थोरल्या जावेला नाही म्हटलं. दर रविवारी तिच्या पडद्यांच्या धुण्याला त्या वीस वर्षं जात होत्या, केवळ लाँड्रीत आहेत म्हणून. जाऊबाई चार दिवस बोलल्या नाहीत आणि पाचव्या दिवशी पडदे बाहेर धुवायला टाकले. कर्केला 'दहा मिनिटं काहीही न करणे' होतं. ते सगळ्यात अवघड गेलं. शेवटी त्या गरम पाण्यात पाय सोडून बसू लागल्या, म्हणजे निदान पाय तरी काहीतरी करतात.

"पाय दुखतात का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"दुखायच्या आधीच."

तिसऱ्या दिवशी तो स्वतःची बादली घेऊन शेजारी येऊन बसला. दोघं समोरच्या भिंतीकडे बघत होती. बरं वाटलं. ओळख ना पाळख, एका बाईच्या चिठ्ठ्यांवर आपलं घर सुधारतंय, याची मावशींना लाज वाटायची आणि त्यापेक्षा जास्त उपकार वाटायचे. डॉक्टरबाई लिफ्टमध्ये दिसल्या की त्या उगाच हसायच्या. डॉक्टरबाई मान हलवायच्या. त्यांना तोंड ओळखीचं वाटायचं, एवढंच.

फक्त ती गाठीची एक ओळ. मिथुनेत होती, काट नाही. मावशींनी स्वतःची समजूत घातली, की डॉक्टर आहेत, दाखवतील. कर्केत होती, पुढे 'नक्की' लिहिलेलं. काट नाही. सिंहेत होती, पुढे 'रजा मिळाली की'. काट नाही. मावशींनी त्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर दोनदा उगाच चक्कर मारली. रजा कुठली, ओपीडीची रांग जिन्यापर्यंत आलेली होती.

आणि आज ही पाचवी चिठ्ठी आली होती. जेवणाच्या सुट्टीत चादरींच्या गठ्ठ्यावर बसून मावशींनी ती उलगडली. 'कन्या राशीतली अमावस्या. तब्येत आणि दिनक्रम.' वाचताना त्यांना हायसं वाटलं, आता तरी. खाली चारच ओळी होत्या. रोज आठ ग्लास पाणी, जिन्याने चढणे, पाठीचे व्यायाम, आईला रविवारी फिरवणे. चारींवर काट.

गाठीची ओळ नव्हतीच.

त्यांनी कागद उलटून पाहिला. मग मागच्या चारही चिठ्ठ्या आठवून पाहिल्या, एकेक करून. काट मारली असती तर काम झालं असतं. झालेलं काम ही बाई काट मारल्याशिवाय सोडत नव्हती, पाण्याच्या ग्लासांवरसुद्धा मारली होती. ओळ नुसती गेली होती. म्हणजे दाखवणं झालं नव्हतं, दाखवायचा विचार संपला होता.

आपण काय करणार? सांगायला गेलं तर पहिला प्रश्न, तुम्हाला कसं कळलं. दुसऱ्याच्या खिशातलं वाचलं म्हणून काढून टाकतील, आणि ते चुकीचंही म्हणता येणार नाही. इस्त्रीवालीला सांगावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या मजल्यांना कळेल. डबा तसाच राहिला. मावशींनी अ‍ॅप्रन सोडला, केस सारखे केले आणि त्या केसपेपरच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. स्टाफला दुपारी दोननंतर कुठल्याही डॉक्टरला दाखवता येत असे.

"काय होतंय?" खिडकीतल्याने विचारलं.

"डॉक्टरांना सांगते."

अडीच वाजता त्यांचा नंबर लागला. डॉक्टरबाईंनी केसपेपर ओढला, वर न बघता विचारलं, "बोला मावशी."

"काखेत गाठ आहे."

पेन थांबलं नाही. "कुठल्या बाजूला?"

"ते माहीत नाही."

आता डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. "माहीत नाही म्हणजे? किती दिवसांपासून आहे?"

"वृषभेपासून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.

"मिथुनेला होती, कर्केला होती, सिंहेला होती," त्या म्हणाल्या. "कन्येला लिहिलीच नव्हती. म्हणून आले."

डॉक्टरबाई उठल्या. दाराला कडी घातली आणि तिथेच, दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही लाँड्रीतल्या?"

"खिसे बघते."

"आणि वाचता."

"फक्त तुमचेच. तक्रार करायची असेल तर करा, मॅडम. चूक आहेच माझी."

"पाण्यात जायला हव्या होत्या त्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज रागाचा होता, पण मध्येच त्यांना काय वाटलं कोण जाणे, तोंडावर हात ठेवून त्या हसल्या. "म्हणजे पाच महिन्यांत एकसुद्धा पाण्यात गेली नाही. तरीच. आता खाली सगळ्या हसत असतील. डॉक्टर आणि राशी बघून पाणी पिते."

"कोण हसतंय? मी पाय बुडवून बसते रोज. नवरापण बसतो. पडदे धुवायचे सोडले मी, तुमचं वाचून."

डॉक्टरबाईंना पडद्यांचं काही कळलं नाही, तरी त्यांनी ते ऐकून घेतलं. मग त्या पेशंटच्या स्टुलावर येऊन बसल्या, खुर्चीत नाही. गुडघ्यावर हात ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारख्या.

"बाकीचं सगळं होतं माझ्याच्याने," त्या म्हणाल्या. "चालणं, पाणी, झोप. अमावस्या आली की वाटतं, कोरी पाटी मिळाली. त्या ओळीशी आलं की हात थांबतो. मागच्या महिन्यात म्हटलं, लिहिलीच नाही तर काट मारायची राहिली असंही होणार नाही."

"भीती वाटते?"

"तुम्हाला रिपोर्ट दुसरं कुणीतरी वाचून सांगतं, मावशी. हळूहळू सांगतं, खुर्ची देऊन. मी रोज सांगते लोकांना, मला माहितीय किती वेळ काढते मी एका वाक्याला. माझा कागद माझ्या हातात येईल तेव्हा मला तो एका नजरेत वाचता येईल."

दारावर कुणीतरी टकटक केलं, आणि थांबलं.

"मग तो कागद माझ्याकडे द्यायला सांगा," मावशी म्हणाल्या.

"तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"काहीच नाही. नुसता धरून बसते. तुम्ही मागाल तेव्हा देईन. दहा मिनिटांनी मागा, नाहीतर उद्या मागा. वाचणार नाही, शपथ." मग त्यांनाच ते कसंसं वाटलं. "वाचलं तरी कळणार नाही."

डॉक्टरबाई चष्मा काढून कोटाच्या टोकाने पुसू लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

"पुढच्या आठवड्यात करते," शेवटी त्या म्हणाल्या. "वचन देते."

"माझी पाळी सहापर्यंत आहे," मावशी म्हणाल्या. "सुपरवायझरला सांगून आलेय, डॉक्टरकडे वेळ लागेल म्हणून."

त्या उठल्या नाहीत. बाहेरची रांग कुजबुजत होती. डॉक्टरबाईंनी दाराकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, मग हात लांब करून टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि खालच्या सोनोग्राफीचा नंबर फिरवला.

"ओपीडीतून बोलतेय. एक काखेची गाठ आहे. आज घ्या."

पलीकडून नाव विचारलं असावं. डॉक्टरबाईंनी समोरच्या केसपेपरवर बोट ठेवलं. वर मावशींचं नाव होतं, त्याखाली सगळं कोरं. बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी नाव सांगितलं. स्वतःचं.

फोनमधला आवाज मावशींपर्यंत ऐकू आला. "तुमचं नको मॅडम, पेशंटचं सांगा."

"पेशंटचंच सांगतेय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वय त्रेचाळीस. सोबत एक बाई येतील, रिपोर्ट त्यांच्या हातात द्या."